गुण घसरले, आता कॉलेज बदलायचंय: वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत पदवीच्या मधेच कॉलेज बदलण्याला, म्हणजे ट्रान्स्फरला, आपल्याकडच्यासारखा कमीपणा नाही. तिथली कॉलेजं अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळा अर्ज आणि वेगळ्या तारखा ठेवतात. पण आधीचं वर्ष घसरलेलं असलं की आई-वडील आणि मुलं अर्जासोबतच्या निबंधाच्या चिंतेत पडतात, आणि अर्ज अडतो तो निबंधाआधीच, हिशोबात आणि कागदपत्रांत. आलेल्या पत्रांतली निवडक इथे घेतली आहेत.

प्रश्न: मुलगा राज्याबाहेरच्या एका विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेला. पहिल्या वर्षी ३० क्रेडिटचे विषय घेतले, जीपीए (चारच्या पट्टीवरची ग्रेडची सरासरी) २.१. कॅल्क्युलसमध्ये एफ, केमिस्ट्रीत डी, वर प्रोबेशन, म्हणजे ग्रेड सुधारण्याची ताकीद. आता घरी आलाय आणि जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) नाव घालतोय. सगळे म्हणतात, तिथे पाटी कोरी होते. मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात ते पहिलं वर्ष दाखवलंच नाही तर?
*– एक वडील, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया*

उत्तर: दाखवावंच लागेल. एकच विषय घेऊन सोडलेलं कॉलेजसुद्धा अर्जात लिहावं लागतं. कोण कुठे शिकलं याच्या नोंदी कॉलेजं नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसकडे देतात, तिथे चौकशी केली की लपवलेलं नाव वर येतं. पहिल्या वर्षी २.१ जीपीए असूनही पुढे प्रवेश मिळालेले विद्यार्थी आहेत. लपवलेलं उघडकीला आलं तर मात्र मिळालेला प्रवेशही रद्द होतो, प्रसंगी शिकायला लागल्यानंतरही.

कोऱ्या पाटीचं म्हणणं अर्धं खरं आहे. नव्या कॉलेजात सहसा क्रेडिट जातात, ग्रेड जात नाहीत, त्यामुळे तिथला जीपीए शून्यापासून सुरू होतो. पण हे प्रवेश मिळाल्यानंतर. प्रवेश देताना सगळ्या कॉलेजांच्या सगळ्या ग्रेड वाचल्या जातात.

म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्या. ३० क्रेडिट गुणिले २.१, म्हणजे ६३ गुणांक. समजा पुढच्या वर्षी त्याने ३० क्रेडिटमध्ये ३.७ मिळवले, तर १११ गुणांक. एकूण १७४ भागिले ६०, म्हणजे २.९०. वर्षभर उत्तम अभ्यास करूनही आकडा तीनच्या खाली, हे बघून घरात निराशा पसरते. आता दुसरा हिशोब. त्या ३० क्रेडिटमध्ये कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री (प्रत्येकी ४ क्रेडिट) पुन्हा घेतलेले असतील आणि जुनी एफ आणि डी गणतीतून गेली, तर १७४ मधून डीचे ४ (४ क्रेडिट गुणिले १; एफचे शून्यच) वजा होतात आणि ६० मधून ८ क्रेडिट. १७० भागिले ५२, म्हणजे ३.२७.

यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, हिशोब या दुसऱ्या पद्धतीचा आहे: सीपेक्षा कमी ग्रेड असलेला विषय पुन्हा घेतला, आणि तो तोच किंवा समतुल्य असला, तर नवी ग्रेड धरतात. सी मिळालेला विषय पुन्हा घेऊन फायदा नाही. इतर अनेक विद्यापीठं दोन्ही ग्रेडची सरासरी काढतात, त्यामुळे यादीतल्या प्रत्येक ठिकाणासाठी दोन्ही आकडे काढून ठेवा. विषय समतुल्य आहे की नाही हे मुलाने ठरवू नये. कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्स्फर काउन्सिलरला जुना अभ्यासक्रम दाखवून ई-मेलवर उत्तर घ्यावं.

या हिशोबात एक खड्डा आहे. ५२ क्रेडिट म्हणजे ५२च, ६० नव्हेत. पुन्हा घेतलेल्या विषयाचे क्रेडिट एकदाच धरतात. यूसीला तिसऱ्या वर्षात यायला किमान ६० सेमिस्टर युनिट (म्हणजेच क्रेडिट) लागतात. तेव्हा उरलेल्या ८ युनिटची सोय आत्ताच करा, एखाद्या उन्हाळी सत्रात किंवा आणखी एका सेमिस्टरमध्ये. हे एप्रिलमध्ये लक्षात येणारी घरं बरीच आहेत. शिवाय यूसीकडे ट्रान्स्फरचे अर्ज शरद सत्रासाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रासाठी, येतात, त्यामुळे चुकलं की बहुधा वर्ष जातं.

विषयांचा क्रम महत्त्वाचा. कॅल्क्युलसचा पहिला भाग पहिल्याच सेमिस्टरला पुन्हा घ्यायचा, कारण दुसरा-तिसरा भाग, डिफरन्शिअल इक्वेशन्स आणि कॅल्क्युलसवर आधारलेलं फिजिक्स हे सगळं त्याच्यावर उभं आहे. पहिल्या सत्रात १२-१३ युनिट, त्यात जड विषय दोनच. दुसऱ्या सत्रापासून १५ युनिट, जड विषय तीन. सोपे विषय घेऊन मिळवलेला ३.९ वाचणाऱ्याला फसवत नाही. ज्या ओझ्याखाली मुलगा पडला होता, तेवढंच ओझं तो आता उचलतोय हे ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कॉलेजच्या अधिकृत गुणनोंदीवर, दिसायला हवं.

कोणता विषय कुठे धरला जातो हे 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर पाहायला मिळतं: कम्युनिटी कॉलेज, यूसीचा कॅम्पस आणि शाखा निवडली की विषयाला विषय जोडलेला तक्ता येतो. ज्या वर्षी विषय घेतला त्या वर्षाचा तक्ता लागू होतो, म्हणून दरवर्षी छापून ठेवा. एकाच शाखेसाठी डेव्हिसची यादी आणि सॅन दिएगोची यादी वेगळी निघते.

आता ट्रान्स्फरला प्रवेशाची हमी देणाऱ्या यूसीच्या योजनेबद्दल, म्हणजे 'टॅग'बद्दल. ती सहा कॅम्पसना आहे: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. टॅगचा फॉर्म १ ते ३० सप्टेंबरमध्ये भरायचा, एकाच कॅम्पससाठी, आणि किमान ३० युनिट कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातले हवेत. जीपीएची अट कॅम्पसनुसार आणि शाखेनुसार बदलते, आणि इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या शाखा काही ठिकाणी योजनेबाहेर असतात. यूसीची सर्वसाधारण किमान अट राज्यातल्या रहिवाशांना २.४ आणि बाहेरच्यांना २.८ आहे, पण इंजिनिअरिंगसाठी त्या आकड्यावर विसंबू नका. टॅग भरला तरी मुख्य अर्ज वेगळा भरावाच लागतो. तो पाठवायचा काळ १ ऑक्टोबरपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत.

यूसी अर्जाच्या वेळी ट्रान्स्क्रिप्ट मागत नाही. मुलाने स्वतः एकेक ग्रेड टाइप करायची असते, एफसकट. ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवून टाइप करा, आठवणीने नाही. नोव्हेंबरमध्ये शरद सत्राच्या ग्रेड आलेल्या नसतात. त्या ३१ जानेवारीपर्यंत 'ट्रान्स्फर ॲकॅडेमिक अपडेट'मध्ये घालायच्या. तुमच्या मुलाच्या अर्जातलं सगळ्यात भक्कम सत्र तेच असणार आहे, आणि हे पान न भरल्याने अर्ज कमकुवत झालेली मुलं दरवर्षी असतात.

प्रश्न: मी मिशिगनमध्ये दुसऱ्या वर्षाला आहे. पहिली दोन सेमिस्टर मिळून जीपीए १.९, तिसऱ्याला ३.६. कॉमन ॲपवरून (अनेक कॉलेजांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज) चार खाजगी कॉलेजांना अर्ज करतेय. निबंधाला ६५० शब्द आहेत, त्यातले साधारण ५०० आजीच्या आजारपणावर आणि त्या काळात माझं जे झालं त्यावर गेलेत. मावशी म्हणते, मन हेलावलं पाहिजे. मला वाटतं, काहीतरी चुकतंय.
*– एक विद्यार्थिनी, डेट्रॉईटजवळून*

उत्तर: तुझं बरोबर आहे, मावशींचं नाही. ट्रान्स्फरचा अर्ज वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्या असतात: घसरण कशामुळे, आता काय बदललं, आणि आमच्याकडेच का. तू पहिल्यावर बहुतेक जागा खर्च केलीस. ६५० शब्दांत घसरणीला ८० ते १०० शब्द पुरेत, बदलाला दीडशे, चालू अभ्यासाला दोनशे, आणि उरलेले त्या कॉलेजला.

घसरणीबद्दल लिहिताना तारखा ट्रान्स्क्रिप्टशी जुळवून बघ. आजी फेब्रुवारीत गेली आणि ग्रेड ऑक्टोबरपासूनच खाली असतील, तर वाचणाऱ्याला ते दिसतं, आणि मग खरं कारणही बहाण्यासारखं वाटायला लागतं. शरद सत्रातली घसरण वेगळ्या कारणाने झाली असेल (पाच विषय, वर आठवड्याला २५ तास नोकरी) तर तेही एका वाक्यात लिही. दोन कारणं असणं कमीपणाचं नाही.

तुझ्या पत्रातल्या मसुद्यात वाक्य आहे: 'या अनुभवाने मला खंबीर बनवलं आणि मी पुन्हा उभी राहण्याचा निश्चय केला.' हे कुणीही लिहू शकतं. त्याऐवजी या धर्तीचं इंग्रजीत लिही: 'पहिल्या वर्षी मी नापास होतेय हे कळूनही मी कुणाकडे गेले नाही. तिसऱ्या सेमिस्टरला नोकरीचे तास २५ वरून १० केले, दर मंगळवारी स्टॅटिस्टिक्सच्या ऑफिस अवर्सना बसले, आणि पहिल्या चाचणीत सी आल्यावर दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन प्राध्यापकांकडे गेले. शेवटची ग्रेड ए-मायनस.' यात निश्चय हा शब्द नाही, पण वाचणाऱ्याला तो दिसतो. आकडे अर्थातच तुझे खरे घाल, कारण शिफारसपत्र लिहिणारे प्राध्यापक याच गोष्टीबद्दल लिहिणार आहेत.

नैराश्य किंवा चिंतेचा त्रास हे कारण असेल, तर निदानाचा तपशील नको. उपचार घेतले, अभ्यासावर काय परिणाम झाला, आता स्थिती काय, इतकं पुरतं. आणि सध्याच्या कॉलेजवर एक ओळही टीका नको. 'इथले प्राध्यापक लक्ष देत नाहीत' हे वाक्य १.९ जीपीएच्या शेजारी फार वाईट दिसतं.

'तुमच्याकडेच का' या भागात बहुतेक मुलं माहितीपत्रकातली विशेषणं परत पाठवतात. कॉलेजचं नाव बदलूनही वाक्य तसंच उभं राहत असेल तर ते काढून टाक. त्याऐवजी तिसऱ्या वर्षाचा एखादा नेमका विषय घे, त्याच्या आधी लागणारे विषय तू पूर्ण केलेस किंवा वसंत सत्रात करतेयस हे सांग, आणि तो तुझ्या सध्याच्या कॉलेजात का मिळत नाही हे लिही. एवढ्याने चार कॉलेजांचे चार वेगळे परिच्छेद होतात. कष्टाचं आहे, पण तुझ्यासारख्या अर्जात सर्वात जास्त उपयोग याचाच.

शिफारसपत्र तिसऱ्या सेमिस्टरच्या प्राध्यापकाचं घे, आणि ज्यांच्याकडे ए सहज मिळाली त्यांच्यापेक्षा ज्यांनी तुला धडपडताना पाहिलं त्यांचं. चार आठवडे आधी विचार. सोबत एका पानावर तू त्यांच्या वर्गात काय केलंस ते तारखांसकट लिहून दे. मिडटर्म रिपोर्ट नावाचा एक कागद मागतात, त्यावर चालू विषयांच्या सध्याच्या ग्रेड प्राध्यापकांकडून भरून घ्यायच्या असतात. शरद सत्राच्या प्रवेशासाठी बऱ्याच खाजगी कॉलेजांची मुदत मार्चमध्ये असते, त्यामुळे फेब्रुवारीतली पहिली चाचणी तुझ्यासाठी परीक्षेइतकीच मोठी आहे.

प्रश्न: भाचा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओहायोत शिकतोय. दोन सेमिस्टर प्रोबेशन झालं, आता विद्यापीठ काढून टाकेल असं पत्र आलंय. ताई-दाजींना त्याने अजून सांगितलेलं नाही, मला सांगितलं. दुसऱ्या कॉलेजात बदली होईल का?
*– एक मामा, नाशिक*

उत्तर: होऊ शकते, पण इथे गुणांपेक्षा तारखा निर्णायक आहेत. ताई-दाजींना आजच सांगा, कारण पुढच्या आठवड्यांत फीचे आणि बँकेचे कागद लागणार आहेत.

भाच्याने पत्र घेऊन लगेच विद्यापीठातल्या डीएसओकडे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याकडे जावं. एफ-१ विद्यार्थ्याची नोंद सेव्हिस या सरकारी यंत्रणेत असते, आणि ती चालू असताना दुसऱ्या कॉलेजकडे सोडणं सोपं असतं. विद्यापीठाने काढलं आणि नोंद बंद केली की प्रकरण 'रिइन्स्टेटमेंट'वर, म्हणजे गेलेलं स्टेटस (विद्यार्थी म्हणून कायदेशीर राहण्याचा दर्जा) परत मिळवण्यावर, जातं: वेगळा अर्ज, फी, महिनोन्महिने वाट, आणि स्टेटस जाऊन साधारण ५ महिन्यांपेक्षा जास्त काळ लोटला तर तेही अवघड. अपील करायची मुदत पत्रात असेलच, बहुधा ती काही दिवसांचीच असते. अपील आणि दुसरीकडचे अर्ज एकाच वेळी चालू ठेवावेत.

क्रम असा: कम्युनिटी कॉलेज किंवा कमी स्पर्धेच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र, मग डीएसओशी ठरवून 'रिलीज डेट', म्हणजे सेव्हिसची नोंद नव्या कॉलेजकडे सोडायची तारीख, आणि त्या तारखेनंतर नव्या कॉलेजकडून नवा आय-२० (व्हिसासाठी कॉलेज देतं ते प्रमाणपत्र). नव्या ठिकाणचे वर्ग रिलीजपासून ५ महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवेत. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का फक्त कॉलेज बदललं म्हणून रद्द होत नाही. मात्र मधे नाशिकला येऊन परत जायचं असेल, तर नव्या आय-२० वरच जावं. व्हिसाची मुदत संपलेली असेल तर मुलाखत पुन्हा द्यावी लागेल, आणि तिथे हेच ट्रान्स्क्रिप्ट समोर येईल.

आत्ता चालू असलेलं सत्र त्याने मनाने सोडू नये. पदवी पूर्ण केल्यावर देशात राहायला ६० दिवस मिळतात, परवानगीने मधे सोडलं तर १५, आणि न विचारता सोडलं तर एकही नाही. १२ क्रेडिटच्या खाली जायचं असेल तर डीएसओची परवानगी आधी. अभ्यासातल्या अडचणीसाठी कमी क्रेडिटची सवलत आहे, पण ती शिक्षणाच्या एका पातळीवर (उदाहरणार्थ पदवीच्या) एकदाच, आणि तेव्हाही किमान निम्मं ओझं ठेवावंच लागतं. ऑनलाइन विषय पूर्ण वेळेच्या हिशोबात सत्राला एकच धरतात. 'घरून दोन ऑनलाइन विषय करतो' हा सल्ला मित्रांकडून मिळतो आणि त्यानेच स्टेटस जातं.

अर्जात काढून टाकल्याबद्दल विचारलं असेल तर हो म्हणावं आणि दोन-तीन वाक्यांत कारण द्यावं. नव्या ठिकाणी दोन सत्रं ३.३ च्या पुढे काढल्यावर चांगल्या विद्यापीठाचा विचार करता येतो. तिथे उडी आत्ताच मारू नये.

प्रश्न: मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा एटीकेटी होत्या, चार सुटल्या. अमेरिकेत तिसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळेल का? एका एजंटने सांगितलं, बारावीच्या मार्कांवर पहिल्या वर्षाला नव्याने अर्ज कर, इथलं सांगूच नकोस.
*– एक विद्यार्थी, पुणे*

उत्तर: एजंट बदल. बारावीनंतर पदवीला नाव घातलेल्याला बहुतेक विद्यापीठं ट्रान्स्फर समजतात, आणि सगळं शिक्षण जाहीर केल्याची सही तुझी असते, एजंटची नाही. बारावीनंतरची दोन वर्षं कुठे गेली हा प्रश्न व्हिसाच्या खिडकीवरही येतोच.

तिसऱ्या वर्षाची आशा मात्र सोड. तिथे वर्ष बदलीला जात नाही, एकेक विषय जातो. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, प्रोग्रॅमिंग बऱ्यापैकी धरतात. ड्रॉइंग, वर्कशॉप आणि विद्यापीठाचे खास विषय नुसते 'इलेक्टिव्ह' म्हणून जमा होतात, म्हणजे क्रेडिट दिसतात पण पदवीच्या अटी भागत नाहीत. आणि आपल्याकडे नसलेले विषय तिथे सक्तीचे: इंग्रजी लेखन, समाजशास्त्रं, वगैरे. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठात तर अमेरिकेच्या इतिहासाचे ६ आणि शासनव्यवस्थेचे ६ क्रेडिट सगळ्यांनाच. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर कुठेतरी बसशील असं धरून खर्चाचा हिशोब कर. न सुटलेल्या दोन विषयांचं क्रेडिट कुठेच मिळणार नाही, ते सुटल्यावरच अर्ज केलास तर उत्तम. उरलेल्या एटीकेटी घेऊन अर्ज करणं आणि सुटलेल्या दाखवणं यात वाचणाऱ्याच्या लेखी मोठा फरक आहे.

कागद आत्तापासून जमव. प्रत्येक सेमिस्टरची गुणपत्रिका, पुन्हा दिलेल्या परीक्षांसकट. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून ट्रान्स्क्रिप्ट, सीलबंद लिफाफ्यात किंवा त्यांच्याकडून थेट पाठवलेलं. तू फोडलेला लिफाफा चालत नाही. आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, घटकांसह, तासांसह, पुस्तकांच्या नावांसह. हा तिसरा कागद कुणी सांगत नाही, पण क्रेडिट द्यायचं की नाही हे त्यावरच ठरतं. अनेक विद्यापीठं डब्ल्यूईएस किंवा ईसीईसारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन मागतात. स्वस्त असलेलं नुसतं पदवीचं मूल्यांकन घेतलंस तर पुन्हा पैसे भरावे लागतील. काही विद्यापीठं हे काम स्वतःच करतात, म्हणून आधी विचार, मग फी भर.

सीजीपीएला अडीचने भागून चारच्या पट्टीवर आणू नकोस. ८ चा ३.२ असा सरळ हिशोब ते करत नाहीत, आणि स्वतः काढलेला आकडा मूल्यांकनाशी जुळला नाही तर उगाच शंका येते. अर्जात १०च्या पट्टीचा पर्याय असेल तर मूळ आकडा लिही. एटीकेटी हा शब्द तिथे कुणाला कळणार नाही. अतिरिक्त माहितीच्या रकान्यात लिही: हे विषय पहिल्या प्रयत्नात सुटले नाहीत, अमुक सत्रात पुन्हा परीक्षा देऊन सुटले, आणि आमच्याकडे बहुतेक गुण एकाच अंतिम परीक्षेवर असतात. हे कारण खरं आहे, वापर, पण एकाच वाक्यात.

थोडक्यात उत्तरं

*मुलीचा हायस्कूलचा जीपीए २.३ होता. तो किती वर्षं पाठीशी लागणार?* (एक आई, एडिसन, न्यू जर्सी) साधारण ३० कॉलेज क्रेडिट होईपर्यंत बरीच विद्यापीठं हायस्कूलचं ट्रान्स्क्रिप्ट मागतात, पुढे त्याचं वजन झपाट्याने उतरतं. न्यू जर्सीत आणखी एक सोय आहे: तिथल्या कम्युनिटी कॉलेजातून एए किंवा एएस ही दोन वर्षांची पदवी पूर्ण केली की राज्याच्या कराराप्रमाणे सरकारी चार वर्षांच्या विद्यापीठांत ते क्रेडिट धरावे लागतात. एएएस नावाची पदवी या करारात बसत नाही. नाव सारखं आहे म्हणून तीच घेणारे आहेत, तेव्हा नाव घालताना तपासा.

*ट्रान्स्क्रिप्टवर तीन डब्ल्यू (मधेच सोडलेले विषय) आहेत. डीपेक्षा वाईट का?* (एक विद्यार्थी, सिएटल) नाही. डब्ल्यू जीपीएत धरत नाहीत. एकाच सत्रातले तीन डब्ल्यू म्हणजे एक घटना, ती एका वाक्यात सांगता येते. तीन सत्रांत एकेक असेल तर सवय वाटते, आणि चौथा टाळायलाच हवा.

*ट्रान्स्फरनंतर मदतनिधी मिळेल का?* (एक आई, ह्यूस्टन) सरकारी मदत 'समाधानकारक प्रगती'च्या अटीवर असते: सहसा जीपीए २.० च्या वर, घेतलेल्या क्रेडिटपैकी सुमारे ६७ टक्के पूर्ण, आणि पदवीला लागणाऱ्या क्रेडिटच्या १५० टक्क्यांच्या आत सगळं. नवं कॉलेज धरलेले जुने क्रेडिट या मोजणीत घेतं. डब्ल्यू आणि एफ 'घेतलेल्या'त धरतात, 'पूर्ण केलेल्या'त नाही, त्यामुळे जीपीए सुधारूनही टक्केवारीत अडकता येतं. तसं झालं तर आर्थिक मदत कार्यालयाकडे अपील असतं. त्याला निबंध नको, कागद हवेत: डॉक्टरांचं पत्र, मृत्यूचा दाखला, नोकरी गेल्याचं पत्र, जे काही असेल ते. आणि जुन्या कॉलेजची थकबाकी फेडून टाका, अगदी ग्रंथालयाचा दंडसुद्धा. थकबाकीसाठी ट्रान्स्क्रिप्ट अडकलं की ते कधी सुटेल हे तुमच्या हातात राहत नाही.